डुक्कर फियाटचं स्टिअरिंग: भेगा वर, दुखणं आत

पार्श्वभूमी

गाडी सांगलीची. 1956 सालची फियाट 1100-103, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला डुक्कर फियाट म्हणतात ती. समोरून पाहिलं की नाव का पडलं हे विचारावं लागत नाही. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी 1954 पासून बाहेर पडायला लागली. इंजिन 1089 सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत आणि पुढची दारं उलटी उघडणारी. पुढे याच घराण्यातून पद्मिनी आली आणि मुंबईची काळी-पिवळी झाली. त्यामुळे सुटे भाग मिळतात असा सार्वत्रिक समज आहे. इंजिनाच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. डुक्करच्या अंतर्भागाच्या बाबतीत अजिबात नाही.

गाडी घरातल्या आजोबांनी घेतलेली. ते डॉक्टर होते आणि व्हिजिटला हीच न्यायचे. त्यांचे चिरंजीव, ज्यांना या लेखात आप्पा म्हणू, ऐंशीच्या घरात आहेत आणि याच गाडीवर चालवायला शिकलेले. सध्या गाडीचं सगळं पाहतो तो आप्पांचा मुलगा. त्याला मालक म्हणू. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी त्यांच्या गल्लीत शिरलं, तेव्हा गाडी हलवायला वेळ मिळाला नाही. पाणी काचेपर्यंत चढलं आणि काही दिवस तिथेच राहिलं. इंजिन, ब्रेक, वायरिंग, सीट हे सगळं पुढच्या दोन-तीन वर्षांत नीट झालं. स्टिअरिंग मात्र पुसून, वर कव्हर चढवून तसंच ठेवलं होतं. मी या कामात शिरलो तो नोंदी आणि मापं ठेवायला, आणि थोडाफार सल्ला द्यायला.

अडचण

कव्हर काढल्यावर दिसलं ते असं. दोन स्पोकचं स्टिअरिंग, वर काळ्या रंगाचे दोन-तीन थर, खाली मूळचा फिकट हस्तिदंती रंग. दोन्ही स्पोक जिथे कड्याला मिळतात तिथे आरपार भेगा, नख शिरेल एवढ्या. खालच्या बाजूला प्लास्टिकचा बोटभर तुकडाच गायब. वरचा भाग, ज्यावर काचेतून ऊन पडतं, तो बारीक जाळीदार तडकलेला. कड्याच्या मागच्या बाजूला बोटं बसण्यासाठी जे खोलगे असतात ते निम्मे झिजलेले, निम्मे जुन्या लांबीखाली (पुट्टीखाली) बुजलेले. कारण यापूर्वीही कुणीतरी भेगा भरल्या होत्या. लांबी शाबूत होती, भेग तिच्या शेजारून नव्याने गेली होती.

ही शेजारून गेलेली भेग महत्त्वाची. त्या काळच्या स्टिअरिंगमध्ये पोलादी सळईच्या सांगाड्यावर प्लास्टिक किंवा एबोनाइट (कडक रबर) साच्यात चढवलेलं असे. अशा प्लास्टिकचं उष्णतेने होणारं प्रसरण पोलादाच्या सात-आठ पट असतं. स्टिअरिंगचा घेर साधारण सव्वा मीटर धरा. पहाटेचे 15 अंश आणि उन्हात बंद उभ्या गाडीतले 55, एवढ्या फरकात पोलाद अर्ध्या मिलिमीटरहून जरासं जास्त वाढतं. प्लास्टिक मोकळं असतं तर ते चार-साडेचार मिलिमीटर वाढलं असतं. ते मोकळं नसल्यामुळे हा सगळा ताण रोज आतल्या आत जिरवला जातो. त्यात वर्षानुवर्षं प्लास्टिकमधला मऊपणा देणारा अंश उडून जातो आणि ते आकसतं. आकसणारी बांगडी न आकसणाऱ्या सळईवर चढवलेली, मग ती फुटते, आणि जिथे आकार बदलतो त्या स्पोकच्या सांध्यातच आधी फुटते. भेग नुसती बुजवली की ताण शेजारी सरकतो.

इथे आणखी एक गोष्ट होती. भेगांतून पुराचं गढूळ पाणी आत गेलेलं होतं. टॉर्च लावून पाहिलं की भेगेच्या तळाशी तांबूस पूड दिसायची.

मालकाला गाडी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात न्यायची होती, पण त्याहून आधी आप्पांना ती एकदा चालवायची होती. म्हणजे शोभेचं काम चालणार नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत स्वस्त आणि सर्रास केला जाणारा. भेगा व्ही आकारात सळईपर्यंत खरडायच्या, गंज काढायचा, इपॉक्सी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, सरफेसर, म्हणजे रंगाखालचा अस्तर थर, आणि मग टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा, रंग. हे काम नीट केलं तर वाईट नसतं. भेगा तीन-चारच असतील, प्लास्टिक बाकी घट्ट असेल आणि आत गंज नसेल तर मी आजही हेच सुचवीन. मूळ वस्तू जास्तीत जास्त टिकते, आणि जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, फिवाची, तुरिन सनदही हेच सांगते: जमेल तेवढं जपा, बदलणं शेवटी. इथे मात्र आत गंज नसण्याची अट पुरी होत नव्हती.

दुसरा पर्याय म्हणजे दुसरं जुनं स्टिअरिंग शोधणं. मुंबईचा चोरबाजार, कुर्ल्याचं भंगार, पुण्याचा जुना बाजार, सगळीकडे फोन झाले. पद्मिनीची काळी स्टिअरिंगं हवी तेवढी होती, डुक्करचं एक मिळालं, तेही याच अवस्थेत. इटलीत या मॉडेलचे भाग विकणारे आहेत. पण न वापरलेलं म्हणून विकलं जाणारं जुनं स्टिअरिंगसुद्धा तितक्याच वयाचं असतं. प्लास्टिक फडताळातही आकसतं. एवढं आयातशुल्क भरून सत्तर वर्षांचं प्लास्टिक आणायचं हे मला तरी पटत नव्हतं.

तिसरा, पद्मिनीचं स्टिअरिंग लावून मोकळं होणं. एका गॅरेजवाल्याने हे सुचवलं आणि मालक जवळजवळ तयार झाला होता. कायद्याने त्याला थेट आडकाठी दिसत नव्हती. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेतला क्रमांक मिळतो, त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनातले मोठे फेरफार तिथे आड येतात, स्टिअरिंगचं वरचं कडं त्यात मोडत नाही. मेळाव्यातले परीक्षक मात्र गुण कापतील. पण हा पर्याय बारगळला तो आप्पांमुळे. त्यांनी पद्मिनीचं स्टिअरिंग हातात घेतलं, मागून बोटं फिरवली आणि परत दिलं. "हे टॅक्सीचं आहे," एवढंच म्हणाले.

चौथा पर्याय, मूळ सांगाड्यावर नवं कडं ओतणं. खर्च जास्त, वेळ जास्त, आणि मूळ प्लास्टिक कायमचं जाणार. यातली शेवटची गोष्ट मालकाला खटकत होती आणि ती खटकायलाच हवी.

निर्णय: आधी साचा, मग तोडफोड

गाडी सांगलीची असली तरी काम कोल्हापूरला गेलं. कारण सरळ आहे. उद्यमनगर आणि शिरोलीच्या पट्ट्यात फाउंड्र्या आहेत, आणि फाउंड्री म्हटली की पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, करणारे आले. आम्हाला गाठ पडलेले मिस्त्री लाकडी पॅटर्न करण्यात आयुष्य घालवलेले. स्टिअरिंग त्यांनी कधी केलेलं नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

मालकाचा बेत होता की प्लास्टिक फोडून आधी आतली सळई बघावी, मग ठरवावं. मिस्त्रींनी तो हाणून पाडला. "आधी फोडलासा तर साचा कशाचा घेणार? बोटांच्या खाचा काय आठवून कोरायच्या?" मुद्दा बिनतोड होता. या एका वाक्याने कामाचा क्रम उलटा झाला आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. मूळ प्लास्टिक दुरुस्त करायचं, पण टिकण्यासाठी नाही, फक्त साचा निघेपर्यंत पॅटर्न म्हणून उभं राहण्यासाठी.

स्टिअरिंग काढताना बॅटरी आधी सोडली, नाहीतर हॉर्नच्या तारेशी खेळ होतो. चाकं सरळ ठेवून दांड्यावर आणि बोसवर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावर बसणाऱ्या मधल्या भागावर, पंचने जुळती खूण केली, आणि नट सैल करून पुलर लावला. मागून हातोडी मारून स्टिअरिंग उडवायची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास आहे. तिचे धक्के थेट खालच्या स्टिअरिंग गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातात.

मग मापं. आकसलेल्या प्लास्टिकवरून साचा घेतला तर आकसलेलंच स्टिअरिंग मिळणार. मिस्त्रींना हे समजावावं लागलं नाही, श्रिंकेज अलाउन्स, म्हणजे आकसण्यासाठी मापात धरायची वाढ, हा त्यांचा रोजचा शब्द. भंगारातलं ते दुसरं स्टिअरिंग इथे कामी आलं. त्याचा खालचा भाग, जिथे ऊन लागत नाही, बऱ्यापैकी शाबूत होता. व्हर्निअर लावून दोन्हींची जाडी ठिकठिकाणी ताडून पाहिली. आपलं कडं सरासरी अर्धा मिलिमीटर बारीक निघालं. तेवढी जाडी सरफेसरच्या थरांनी चढवली. बोटांचे खोलगे लांबीखालून मोकळे केले, आणि जे झिजले होते ते शाबूत खोलग्यांवर पत्र्याची फर्मा बनवून पुन्हा कोरले. मिस्त्री डोळे मिटून अंगठा फिरवत आणि जिथे उंचवटा लागे तिथे पेन्सिलने टिंब करत. मला तिथे काहीच लागत नव्हतं.

साच्यासाठी सिलिकॉन रबर. ते महाग, म्हणून आतून पातळ थर आणि पाठीला प्लास्टरचं कवच. पहिल्या नमुन्याला घोळ झाला. आणलेलं सिलिकॉन प्लॅटिनम जातीचं होतं आणि पार्टिंग लाइनसाठी, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे मिळतात त्या रेषेसाठी, वापरलेल्या मातीत गंधक होतं. गंधक असलं की हे सिलिकॉन वाळतच नाही, त्या जागी चिकट काकवी उरते. जुनी एबोनाइटची स्टिअरिंगं करणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवलंच पाहिजे, कारण एबोनाइटमध्येच भरपूर गंधक असतं. आमचा नमुना हाताएवढ्या तुकड्यावर घेतलेला होता, त्यामुळे नुकसान फुटकळ. पुढे टिनवर वाळणारं सिलिकॉन वापरलं. ते मातीला जुमानत नाही, पण काळाने थोडं आकसतं आणि लवकर म्हातारं होतं.

आत काय निघालं

साचा दोन भागांत निघाला, तपासून झाला, आणि मगच प्लास्टिक फोडलं. हॅकसॉने आडवे काप आणि छिन्नी. गॅसने तापवून काढायला सोपं जातं, पण जुन्या प्लास्टिकचा आणि एबोनाइटचा धूर फुफ्फुसात न्यायच्या लायकीचा नसतो.

आतली सळई बऱ्याच ठिकाणी अगदी स्वच्छ होती, कारखान्यातून निघाल्यासारखी. फक्त भेगांच्या खाली गंज, आणि तिथे मात्र खोल. उजव्या स्पोकच्या सांध्यात सळईचा एक तृतीयांश भाग खाऊन गेला होता. वायरब्रश फिरवला तशी पापुद्र्यांची पूड खाली पडत राहिली आणि खाली खळगेच खळगे. पहिला पर्याय घेतला असता तर याच्यावर इपॉक्सी आणि चकचकीत रंग बसला असता. ही जुनी स्टिअरिंग कॉलम अपघातात आखडणारी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. वळणावर आप्पांसारखा माणूस सगळं अंग टाकून कडं ओढतो.

दुसरा मोठा निर्णय इथे. गंजलेल्या जागी वेल्डिंगचा थर चढवायचा की कड्याची सळईच नवी घालायची? मालकाचा कल थर चढवण्याकडे होता, जेवढं मूळ राहील तेवढं बरं. वेल्डरने नकार दिला. खळगे पडलेल्या धातूवर वेल्ड मारला की आतल्या घाणीचे बुडबुडे त्यात अडकतात, आणि हे वरून दिसत नाही. मी वेल्डरच्या बाजूने होतो. शेवटी तडजोड अशी झाली: मूळ बोस, त्याचे दाते आणि स्पोकचे निरोगी भाग ठेवायचे, गोल कडं नव्या माइल्ड स्टीलच्या सळईचं. टिग वेल्डिंग करताना सगळं जाड प्लेटवर जिगमध्ये पकडलं, तरी उष्णतेने कडं थोडं वाकलंच. ते डायल गेज लावून सरळ केलं. सांध्यांची डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट झाली, लाल रंग मारून पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. सूक्ष्म चीर असेल तर लाल रेघ उमटते. एका सांध्यात उमटली, तो घासून पुन्हा भरला. त्यानंतर सांगाडा खोट्या दांड्यावर चढवून कड्याला वाळूचं 50 किलोचं पोतं रात्रभर टांगून ठेवलं.

ओतकाम

पॉलियुरेथेन की इपॉक्सी हा वाद फार चालला नाही. तेव्हा जुलै होता आणि कोल्हापुरात जुलै म्हणजे काय हे सांगायला नको. पॉलियुरेथेनच्या रेझिनमधला आयसोसायनेट हवेतल्या ओलाव्याशी मिळून कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे कड्याचा पाव होणार. शिवाय ती वाफ घातक. इपॉक्सी ठरलं, आणि तेही पावसाळा सरल्यावर.

पण इपॉक्सीही कोणतं हे पाहावं लागतं. साध्या तपमानाला वाळवलेली बरीच इपॉक्सी 50-60 अंशांच्या आसपास नरम पडायला लागतात, आणि उन्हाळ्यात डॅशबोर्डजवळ त्याहून जास्त तापतं. म्हणून नंतर भट्टीत शेकून पक्की करता येणारी जात घेतली. प्रसरण कमी करण्यासाठी तिच्यात खनिज भुकटी आणि दळलेला काचतंतू मिसळला. भुकटी जास्त झाली तर मिश्रण पिठल्यासारखं होतं आणि खोलग्यांत शिरत नाही, कमी झाली तर पुन्हा प्रसरणाचं जुनं दुखणं. हस्तिदंती रंग रेझिनमध्येच मिसळला, म्हणजे ओरखडा पडला तरी आतून दुसरा रंग डोकावणार नाही.

सळई साच्याच्या बरोबर मध्यावर अधांतरी राहायला हवी. यावर मिस्त्रींनी फाउंड्रीतला चॅपलेट आणला. ओतकामात आतला कोअर धरून ठेवायला धातूचे लहान टेकू वापरतात, ते धातूतच विरघळून जातात. आम्ही त्याच रेझिनचे ज्वारीच्या दाण्याएवढे टेकू आधी ओतून सळईला चिकटवले. नंतर ते कुठे होते हे शोधूनही सापडलं नाही.

पहिल्या ओतकामात खोलग्यांच्या कडांवर बुडबुडे अडकले. साच्यात खोलगे वरच्या बाजूला आले होते, आणि हवा वरच जाणार. साचा उलटा केला, थोडा तिरका ठेवला, रेझिन सर्वांत खालच्या छिद्रातून मोठ्या सिरिंजने सावकाश चढवलं, आणि वरच्या टोकाला हवेला वाट ठेवली. दुसरं कडं स्वच्छ आलं. पहिलं फोडून सळई मोकळी करण्यात जो वेळ गेला त्याबद्दल मिस्त्री अजून कुरकुरतात. शेकण्यासाठी शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याची भट्टी मिळाली. त्याचं रोजचं काम 180-200 अंशांवर चालतं, आम्हाला हवं होतं त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून सुट्टीच्या दिवशी स्वतंत्र काटा लावून हळूहळू तापवली. वर उन्हाने पिवळं पडू नये म्हणून पॉलियुरेथेनचा टू-के थर.

हॉर्नच्या कडीचं क्रोम प्लेटिंग नेहमीच्या पद्धतीने झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तुरिन सनदेनुसार बदललेला भाग ओळखता यावा अशी खूण हवी. बोसच्या मागे, जोडल्यावर न दिसेल अशा जागी, ओतकामाचं साल पंचने उमटवलं. मालकाला आधी हे कमीपणाचं वाटलं होतं. परीक्षकांपुढे त्यानेच ती खूण दाखवली.

निष्पत्ती

गाडी आप्पांनी चालवली, सांगलीहून मिरजेला आणि परत. कडं जाड लागतंय असं त्यांचं म्हणणं. मापं सांगतात की ते भंगारातल्या शाबूत भागाएवढंच आहे, म्हणजे आप्पांच्या हाताला सवय आकसलेल्या स्टिअरिंगची झाली असावी. किंवा सरफेसरचा थर देताना आम्ही हात सैल सोडला. एकाच शाबूत तुकड्यावरून मूळ जाडी ठरवली होती, त्यामुळे त्यांना खोडून काढायला माझ्याकडे ठोस काही नाही.

एक उन्हाळा गेल्यावर डाव्या स्पोकच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसली. घासून पाहिली, ती फक्त वरच्या रंगात होती, रेझिन अखंड. तिथला कोपरा मूळ डिझाइनमध्येच जरा धारदार आहे. रंग तेवढ्यापुरता पुन्हा मारला.

खर्चात सर्वांत मोठा वाटा सिलिकॉनचा आणि त्याखालोखाल मजुरीचा. रेझिन स्वस्त पडलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, एक्स-रे. कोल्हापुरात कास्टिंगचे एक्स-रे काढणाऱ्या लॅब आहेत. साचा घेण्याआधी स्टिअरिंगचा एक्स-रे काढला असता तर सळईची अवस्था प्लास्टिक न फोडता दिसली असती. या गाडीत निर्णय बदलला नसता, पण सळई ठणठणीत निघाली असती तर मूळ प्लास्टिक वाचवायचा पहिला पर्याय पुन्हा खुला झाला असता. पूर न पाहिलेल्या गाडीत मी आधी एवढंच करीन.

दुसरं, जाडीचं माप. आणखी एक-दोन स्टिअरिंगं मापायला मिळेपर्यंत थांबता आलं असतं. मेळाव्याची तारीख डोक्यावर असल्यामुळे थांबलो नाही.

तिसरं पुराबद्दल. पाणी ओसरल्यावर इंजिनाची काळजी सगळे घेतात. स्टिअरिंग त्याच आठवड्यात उतरवून भेगांमधला गाळ गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, पातळ तेल सोडलं असतं तर सळईचा गंज बराच कमी झाला असता. कव्हर चढवणं हे सर्वांत वाईट, आत ओल कोंडून राहते.

आता आणखी दोन डुक्करवाल्यांनी साचा मागितला आहे. मालकाची हरकत नाही. मिस्त्रींची अट आहे की प्रत्येकाने आपला सांगाडा आणायचा आणि त्याची डीपी टेस्ट झाल्याशिवाय ओतकाम होणार नाही. टिनचं सिलिकॉन फार वर्षं टिकणार नाही, म्हणून त्या साच्यातून फायबरग्लासचा एक पक्का पॅटर्न काढून ठेवायचं काम सध्या चालू आहे.